काचबिंदू, मोतीबिंदू आणि डोळे दिपवणारा उजेड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. अकरा वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे आणि त्यात नंतर मोतीबिंदूची भर पडली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. मी डॉक्टर नाही. पण तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या, दवाखान्यात शेजारी बसणाऱ्या, नव्या मुंबईहून फोन करणाऱ्या किती जणांनी मला हेच प्रश्न विचारले, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. औषध, नंबर, ऑपरेशन यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. इथे आहे ते रोजच्या जगण्यातलं.

डोळे दिपतात म्हणजे नेमकं काय होतं? दोष काचबिंदूचा की मोतीबिंदूचा?

एसटीची धुळकट खिडकी आठवा. ऊन पाठीमागे असलं की तिच्यातून सगळं दिसतं. गाडी वळून ऊन समोर आलं की तीच काच पांढरीफटक होते आणि पलीकडचं काहीच दिसत नाही. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग असंच गढूळ होतं. आत येणारा उजेड सरळ पडद्यावर न पडता इकडेतिकडे विखुरतो आणि खऱ्या चित्रावर पांढरं सारवण घातल्यासारखं होतं. दिव्यांभोवती वलयं, किरणं दिसतात ती त्यामुळेच. भिंगाच्या मागच्या बाजूला होणारा मोतीबिंदू या बाबतीत सगळ्यात त्रासदायक. बरीच वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्यांत तो जास्त दिसतो. उन्हात बाहुली लहान होते, सगळा उजेड मधल्या भागातून जातो आणि डाग नेमका तिथेच असतो.

काचबिंदूचं काम वेगळं. त्यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते. त्यामुळे फिक्या-गडद रंगांतला फरक कळेनासा होतो, राखाडी पायरीवरची राखाडी कड दिसत नाही, आणि उजेडातून अंधारात जाताना डोळा सावरायला वेळ घेतो. दोन्ही एकत्र असले की एक उजेड विखुरतो आणि दुसरा त्या विखुरलेल्या चित्रातून माणूस ओळखू देत नाही.

त्यात वयाचा भाग आहेच. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे आपल्याला उजेड जास्त हवा असतो आणि तोच उजेड सोसतही नाही. खालची बहुतेक उत्तरं याच पेचाभोवती फिरतात. इतक्या वर्षांत मला समजलं ते एवढंच: उजेड कमी करायचा नाही, तो कुठून येतो ते बदलायचं.

डॉक्टरांकडे तक्ता तर नीट वाचता येतो. मग ते म्हणतात, नजर चांगली आहे. माझा त्रास खोटा का?

मुळीच नाही. तक्ता आपण अंधाऱ्या खोलीत वाचतो, पांढऱ्यावर काळी ठसठशीत अक्षरं, समोरून ऊन नाही. मी 6/9, म्हणजे जवळजवळ पूर्ण नजरेइतकं, वाचत होते आणि त्याच आठवड्यात गोखले रोडवर भर दुपारी समोर उभी असलेली माझी सख्खी भाची मला ओळखू आली नव्हती. डॉक्टरांना ‘धूसर दिसतं’ असं मोघम सांगू नका, प्रसंग सांगा. ‘समोरून गाडी आली की रस्त्याचा दुभाजक नाहीसा होतो’, ‘दुपारी जिना उतरता येत नाही’. असं सांगितलं की ते तीव्र दिवा डोळ्यासमोर धरून नजर तपासू शकतात आणि मोतीबिंदू काढायची वेळ आली का, हा विचार वेगळ्या पद्धतीने होतो.

मग सरळ काळाकुट्ट गॉगल घालू का?

मीही तेच केलं होतं. दुकानदाराने सगळ्यात गडद काच दिली आणि मला पहिल्या दिवशी फार बरं वाटलं. चौथ्या दिवशी एका इमारतीच्या दारातली पायरी त्या काळोखात दिसली नाही आणि मी गुडघ्यावर आपटले. काचबिंदूवाल्याला गडद काच म्हणजे हातातला कंदील विझवून चालणं. उजेडाबरोबर उरलेला फरकही निघून जातो.

माझा क्रम असा. आधी टोपी. पुढे रुंद झाप असलेली साधी सुती टोपी वरून येणारं ऊन अडवते आणि खालचा रस्ता मात्र उजळच राहतो. साडीवर टोपी कशी दिसेल, असं मलाही वाटायचं. आता वाटत नाही. टोपी नको असेल तर छत्री, आतून काळी असली तर उत्तम. त्यानंतर मध्यम गडद काच, तपकिरी किंवा अंबर रंगाची. या रंगांनी कडा जरा उठून दिसतात असं बऱ्याच जणांना जाणवतं, पण प्रत्येकाचा डोळा वेगळा. म्हणून दुकानाच्या आत आरशात बघून घेऊ नका. काच घालून दुकानाबाहेर या, फुटपाथची कड दिसते का बघा, सावलीतली पायरी बघा, आणि मग ठरवा.

दोन गोष्टी पक्क्या विचारा. एक, यूव्ही 400 आहे का, म्हणजे काच अतिनील किरण अडवते का. नुसती रंगीत काच असेल तर बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण उलट जास्त आत जातात. दुसरं, बाजूने उजेड आत येतो का. चष्म्यावरून घालायचे, कडेला काच असलेले रुंद गॉगल मिळतात. मला महागड्या फ्रेमपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. श्रेणी 4 ची काच सर्वांत गडद असते आणि ती घालून गाडी चालवायची नसते, हेही लक्षात ठेवा.

पोलराइज्ड काच घेऊ का?

ओला रस्ता, खाडीचं पाणी, समोरच्या गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागावरून उसळणारी तिरीप ती छान अडवते. ऐरोलीला खाडीकाठी फ्लेमिंगो बघायला जाल तेव्हा फरक लगेच कळेल. पण समोरून थेट येणाऱ्या उन्हाला ती इतर रंगीत काचेइतकीच. शिवाय मोबाइल, एटीएम, गाडीतला स्क्रीन हे त्या काचेतून एका कोनात काळे दिसतात. बँकेत पहिल्यांदा मला वाटलं मशीन बंद आहे. मान थोडी वाकडी केली की दिसतं.

रात्री गाडी चालवण्यासाठी पिवळ्या काचांचे चष्मे विकतात, ते?

घेऊ नका. 2019 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात त्या काचांनी रात्री रस्त्यावरचा माणूस लवकर दिसायला काहीही मदत झाली नाही. रात्री आधीच उजेड कमी, त्यातला आणखी कशाला गाळायचा? नंबरच्या चष्म्याला प्रतिबिंबरोधक कोटिंग करून घ्या आणि काच स्वच्छ ठेवा.

मी गाडी चालवू शकते का?

पहिलं उत्तर फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूला किती दिसतं ते मोजणारी तपासणी, देईल. काचबिंदूत बाजूची नजर इतकी हळू जाते की मेंदू तो रिकामा भाग आपोआप भरून टाकतो आणि आपल्याला वाटतं सगळं दिसतंय. डॉक्टरांना थेट विचारा: माझ्या फील्डवर मी गाडी चालवावी का? त्यांनी नको म्हटलं तर किल्ली ठेवून द्या. मी रात्रीची गाडी सहा वर्षांपूर्वी बंद केली. वाईट वाटलं, पण रस्त्यावर आपल्याबरोबर दुसऱ्याचंही पोर असतं.

ज्यांना परवानगी आहे त्यांनी वेळ आणि दिशा बघावी. आपल्याकडचे खाडीपूल पूर्व-पश्चिम आहेत. सकाळी मानखुर्दकडून वाशीला किंवा मुलुंडकडून ऐरोलीला जाताना ऊन थेट तोंडावर. संध्याकाळी परतताना पुन्हा तोंडावर. ज्यांचं घर वाशीला आणि काम मुंबईत, त्यांना दोन्ही वेळा पाठीवर मिळतं, ते नशीबवान. पाम बीच रोडवर वाशीहून बेलापूरकडे संध्याकाळी जाताना ऊन उजव्या अंगाने मागून येतं आणि बाजूच्या आरशात पेटतं. तासभर इकडेतिकडे केलं तर बहुतेक त्रास टळतो.

काचेला आतून जी तेलकट झिलई चढते ती हाताला लागत नाही, पण समोरचा हेडलाइट पडला की सगळी काच उजळून निघते. आठवड्यातून एकदा आतून पुसा. वायपरचं रबर पावसाळ्याआधी बदला. डॅशबोर्डवर पांढरा टॉवेल, देवाची चकचकीत मूर्ती ठेवू नका, तिचं प्रतिबिंब काचेत पडतं. काळी फिल्म लावून घ्यावी असं वाटेल, पण नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आत यायला हवा, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काळ्या फिल्मला मनाई केली आहे. दुचाकीवाल्यांनी हेल्मेटची ओरखडे पडलेली काच बदलावी. त्या ओरखड्यांवर प्रत्येक दिवा फुटतो.

लोकलचंही तसंच. सकाळी ठाण्याहून पनवेलकडे जाताना डाव्या खिडक्यांतून ऊन येतं, उजवीकडे बसा.

घरात काय बदल करू?

इथे मी थोडं जास्त लिहिणार, कारण दिवसाचे जास्त तास इथेच जातात आणि फुकटात सर्वांत जास्त फरक इथेच पडतो.

माझ्या आईला तांदूळ निवडताना पाहिलंय: पाठ खिडकीकडे, सूप मांडीवर, ऊन खांद्यावरून सुपात. हीच बसायची रीत. खिडकी किंवा दिवा पाठीमागे किंवा बाजूला, कधीही समोर नाही. आमच्याकडे जेवणाच्या टेबलाची माझी खुर्ची वर्षानुवर्षं गॅलरीकडे तोंड करून होती. समोर बसलेल्यांचे चेहरे काळे ठिक्कर दिसायचे आणि मी बोलताना चुकीच्या माणसाकडे बघायचे. खुर्ची फिरवली, त्या दिवसापासून चेहरे दिसायला लागले.

स्वयंपाकघरात ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, वर ट्यूबलाइट, आणि ओट्यावर स्टीलची पातेली. पाणी सांडलं की ते दिसायचं नाही, नुसती पांढरी रेघ चमकायची. मी वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेच्या आत दिवा बसवून घेतला. दिव्याची पट्टी दिसत नाही, फक्त ओट्यावर उजेड पडतो. चिरायला दोन पाट ठेवले: कांदा-मुळ्यासाठी गडद, पालक-मेथीसाठी फिका. पांढऱ्या कपात दूध ओतताना काठ कळत नाही, म्हणून दूध गडद कपात आणि चहा पांढऱ्या कपात. एवढ्यानेच रोजची सांडलवंड थांबली.

उघडा एलईडी बल्ब डोळ्यांसमोर नको. दिव्याला दुधी शेड लावा आणि एका झगझगीत दिव्याऐवजी दोन-तीन मंद दिवे वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. खिडकीला जाड पडदा ओढून खोलीत काळोख करू नका; झिरझिरीत पडदा किंवा वर-खाली होणारी चिक (काड्यांचा पडदा) पुरे. टीव्ही बघताना मागच्या भिंतीवर मंद दिवा चालू ठेवा. न्हाणीघरात पांढऱ्या टाइल्स, पांढरी बादली, पांढरा मग असं सगळं एक होतं. लाल रंगाचा मग आणा.

सोसायटीच्या लॉबीतल्या चकचकीत टाइल्स हा नव्या इमारतींतला खरा धोका आहे. ऊन आत आलं की फरशी ओली आहे की कोरडी तेच कळत नाही. आमच्या सोसायटीत मी अर्ज दिला आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळी खडबडीत पट्टी लावून घेतली. खर्च फार नाही, आणि तिचा उपयोग लहान मुलं, गरोदर बायका सगळ्यांनाच होतो. तुम्हीही मागा.

वाचताना कागदच चमकतो आणि ओळ हरवते.

जाड काळा कार्डपेपर घ्या, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. मधोमध बोटभर रुंद, ओळीच्या लांबीची आडवी खाच कापा. हे कार्ड पानावर ठेवून खाचेतून वाचायचं आणि ओळ संपली की खाली सरकवायचं. पांढऱ्या कागदाचा सगळा झगझगाट झाकला जातो, एक-दोन ओळी तेवढ्या दिसतात. बँकेत सही करायला मी याचंच छोटं भावंड पर्समध्ये ठेवते. काउंटरवरच्या दिव्याखालीही सहीची जागा सापडते. कार्ड चकचकीत नको, मॅट हवं.

आणि मोबाइल?

अक्षरं मोठी, उजेड खोलीइतकाच. काळ्यावर पांढरी अक्षरं काहींना फार सुखाची वाटतात, काहींना ती फुटलेली दिसतात. दोन दिवस वापरून बघा. आयफोनमध्ये ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘एक्स्ट्रा डिम’ असतं. नातवाला सांगा, पाच मिनिटांत लावून देईल.

उन्हातून आत शिरलं की काहीच दिसत नाही. किती वेळ थांबायचं?

पुण्याच्या गाडीत ठाणं सोडल्यावर पारसिकचा बोगदा येतो, तेव्हा क्षणभर सगळ्यांचंच असं होतं. आपल्याला तो क्षण मिनिटांत मोजावा लागतो. घाई करू नका. दारातून आत येऊन भिंतीकडे सरका, कठडा धरा, गॉगल काढा आणि थांबा. मागचे कुरकुरतील, कुरकुरू द्या. स्टेशनच्या जिन्यावर मी नेहमी कडेच्या कठड्याशी थांबते, मध्ये नाही. गडकरी रंगायतनला नाटकाला जायचं तर दिवे लागलेले असतानाच खुर्ची गाठा. एक युक्ती: आत शिरायच्या आधी मिनिटभर एक डोळा मिटून ठेवायचा, आत गेल्यावर तो डोळा आधीच थोडा सावरलेला असतो.

काचबिंदूच्या ड्रॉप्समुळे त्रास वाढतो का?

वाढू शकतो. पायलोकार्पीनने बाहुली बारीक होते, मग संध्याकाळी सगळं अंधुक दिसतं. ब्रिमोनिडीनची काहींना अॅलर्जी येऊन डोळे लाल होतात, खाज सुटते. बऱ्याच ड्रॉप्समधलं औषध टिकवणारं द्रव्य (प्रिझर्वेटिव्ह) वर्षानुवर्षांच्या वापराने डोळा कोरडा करतं, आणि कोरड्या डोळ्यावर उजेड जास्त टोचतो. प्रिझर्वेटिव्हशिवायचे ड्रॉप्स, कृत्रिम अश्रू असे पर्याय असतात, ते विचारा. पण मनाने ड्रॉप्स बंद करू नका. चकाकी आज त्रास देते. डोळ्यातलं वाढलेलं प्रेशर नस खातं आणि ती परत येत नाही. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा आणि घातल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं की चकाकी जाईल?

मोतीबिंदूच्या वाट्याची जाईल, काचबिंदूच्या वाट्याची राहील. माझ्या उजव्या डोळ्याला ट्यूबलाइट आता निळसर पांढरी दिसते. डावा मिटून-उघडून पाहिलं की तीच ट्यूबलाइट जुन्या पोस्टकार्डाच्या रंगाची. उजव्या डोळ्याने मी आता समोरून येणाऱ्या रिक्षेच्या दिव्यामागची रिक्षा बघू शकते. पण फील्डमधला जो तुकडा गेला होता तो गेलेलाच आहे. हे आधी माहीत असलं की नंतर निराशा होत नाही.

‘पिकू द्या, मग काढू’ हा जुना सल्ला विसरा. फार वाढलेला मोतीबिंदू काढायला अवघड, तो फुगला तर डोळ्यातल्या पाण्याची वाट अडून प्रेशर वाढू शकतं, आणि त्याच्या आडून डॉक्टरांना नसही नीट तपासता येत नाही. ज्यांचा कोन, म्हणजे ही पाण्याची वाट, अरुंद आहे त्यांचं भिंग काढल्यावर बऱ्याचदा प्रेशरही उतरतं.

लेन्सबद्दल मात्र नीट बोला. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स उजेड वाटून देते. तिने वलयं दिसतात आणि फिक्या-गडदातला फरक कमी होतो. ज्यांच्या नसेचं नुकसान बरंच झालंय त्यांना डॉक्टर सहसा साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची, लेन्स सुचवतात. वाचायला चष्मा लागला तर लागला. महाग लेन्स म्हणजे आपल्या डोळ्याला चांगली लेन्स, असं नाही.

ऑपरेशनला दोन वर्षं झाली, पुन्हा तसंच धूसर आणि चमकतं दिसायला लागलं. मोतीबिंदू परत आला?

मोतीबिंदू परत येत नाही. लेन्समागच्या पातळ पापुद्र्यावर जाळी धरली असेल. यॅग लेझरने ती काही मिनिटांत, दुखल्याशिवाय मोकळी करतात. काचबिंदू असल्याने त्यानंतर प्रेशर तपासून घ्या.

बाहुली मोठी करून तपासतात त्या दिवशी काय करावं?

बरोबर माणूस न्यावं, गाडी नेऊ नये, टोपी-गॉगल पिशवीत असू द्यावा. चार-सहा तास उजेड अंगावर येतो. मी संध्याकाळची वेळ घेते, म्हणजे बाहेर पडेपर्यंत ऊन उतरलेलं असतं.

गणपती-दिवाळीत काय?

माळांचा त्रास लुकलुकण्याने जास्त होतो. घरच्या माळा स्थिर ठेवा. मिरवणुकीतल्या लेझरच्या झोताकडे मात्र चुकूनही बघू नका. त्याने धडधाकट माणसाच्या डोळ्याच्या पडद्यालाही इजा होते. आरास बघायची तर दुपारी जा, गर्दीही कमी असते आणि मूर्ती खरी दिसते.

मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी डोळ्यात घालू का?

नाही. कुणीही सांगितलं तरी नाही.

लगेच दवाखाना गाठायचा तो कधी?

दिव्यांभोवती अचानक इंद्रधनुषी वलयं, डोळा लाल, डोळा-डोकं असह्य दुखतंय, उलटी होतेय: हे पित्त नव्हे. कोन बंद होऊन प्रेशर एकदम वाढलं असू शकतं, आणि तिथे तास मोजावे लागतात. रात्री दोनला असं झालं तर सकाळची वाट बघू नका. एकाएकी प्रकाशाचे लखलखाट, काळे ठिपके, बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं, ऑपरेशन झालेला डोळा दुखू लागणं, तेव्हाही त्याच दिवशी जा. आणि उजेडाने नुसतं दिपत नाही, दुखतं असं असेल तर आत सूज असू शकते, तेही दाखवा.

घरचे म्हणतात, ‘मगाशी सुई ओवलीस आणि आता जिना दिसत नाही?’ त्यांना कसं समजवायचं?

चष्म्याच्या जुन्या काचेवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, त्यांना घालायला द्या आणि घरातल्या घरात, तुम्ही शेजारी उभ्या राहून, उन्हाच्या खिडकीसमोर उभं करा. मग पाठ खिडकीकडे करून उभं करा. मी माझ्या यजमानांना हेच केलं. पहिल्यांदा ते म्हणाले, ‘अगं, तुझा चेहराच दिसत नाही.’ फिरल्यावर दिसला. तेव्हापासून तलावपाळीवर फिरताना ते न सांगता रस्त्याच्या बाजूने चालतात, म्हणजे गाड्यांचे दिवे आधी त्यांच्या अंगावर पडतात. पायरी आली की फक्त ‘एक खाली’ म्हणतात.